शाळेपासून शंभर यार्डांत खर्रा बंद करायचा, तो असा

मी झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या भागात भाताचे बांध संपले की गाव लागतं आणि गाव लागलं की पहिला दिसतो तो खर्रा विकणारा पानठेला. खर्रा म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. आजूबाजूच्या शाळांतले नवे मुख्याध्यापक, कधी एखादी आई, मला फोन करून विचारतात, "मॅडम, शाळेसमोरचा ठेला कसा हटवायचा?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, ठेला हटवायचा हट्ट धरू नका. कायद्याने त्या जागेवर तंबाखू विकायला बंदी केली आहे, दुकानाला नाही. तोच माणूस तिथे बिस्किटं, वह्या, पेन, चहा विकू शकतो. बहुतेक वेळा त्याचं पोरगं आपल्याच शाळेत असतं. "तुझं दुकान उठवतो" असं म्हणत गेलात तर अर्धं गाव त्याच्या बाजूने उभं राहतं. "एवढा माल इथे ठेवू नको, बाकी दुकान चालू दे" म्हणत गेलात तर निदान बोलणं सुरू होतं.

कोणत्या मालाला कोणता कायदा

इथे गोंधळ झाला की तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि पडून राहते. म्हणून हे नीट लक्षात ठेवा.

साधी तंबाखू, बिडी, सिगारेट यांना केंद्राचा २००३ चा सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थ कायदा लागू होतो. सगळे त्याला कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ६ चे दोन भाग आहेत. पहिला भाग सांगतो की १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही, मग दुकान शाळेजवळ असो की जंगलात. दुसरा सांगतो की शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विकायची नाही, गिऱ्हाईक साठ वर्षांचं असलं तरी. दंड २०० रुपयांपर्यंत. रक्कम फार लहान आहे, हे मलाही खटकतं. पण दंडासोबत पोलीस दारात येतात आणि गावभर बोभाटा होतो, त्याचा धाक दंडापेक्षा मोठा असतो.

खर्रा, गुटखा, मावा, सुगंधित तंबाखू यांचा रस्ता वेगळा. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही त्यात आले. ही बंदी दरवर्षी नव्या आदेशाने पुढे चालू ठेवली जाते. इथे शंभर यार्डांचा प्रश्नच येत नाही, वयाचाही नाही. विक्री राज्यात कुठेही बेकायदेशीर. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. ठेल्यावर लाकडी पाटावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटताना दिसला की तो हाच माल. विदर्भातल्या शाळांसमोर मुख्य प्रश्न खर्ऱ्याचा आहे, म्हणून हा रस्ता पाठ असू द्या.

ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, विक्रीवर आणि साठ्यावरही. ती अजून आमच्या गावात फारशी पोचलेली नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजची मुलं पेनासारखं काही हातात घेऊन फिरत असतील तर तुम्हाला ते ओळखता आलं पाहिजे.

आणि सगळ्यात जड कलम बाल न्याय कायदा २०१५ चं ७७ वं. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मी ठेलेवाल्यांना कागदावर छापून, वाचून दाखवते. दोनशे रुपये ऐकून जो हसतो, तो सात वर्षं ऐकून गप्प होतो. वापरण्याआधी सांगणं, यातच या कलमाचा खरा उपयोग आहे.

आधी मोजा

१०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, म्हणजे बरोबर ३०० फूट. नियमात स्पष्ट आहे की हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, सगळ्या दिशांना मोजायचं. ठेलेवाला हमखास म्हणतो, "मॅडम, रस्त्यानं चालत आलं तर दीडशे मीटर भरते." रस्त्याने भरू दे. घरांवरून, नाल्यावरून रेषा ओढायची आणि मग बघायचं. शाळेच्या फाटकापासून मोजलं तरी चूक होते, कारण मागच्या कुंपणापलीकडचं किराणा दुकान फाटकापासून लांब आणि भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असतं.

खेळाच्या सामानातली ३० मीटरची टेप घ्या, तीन टेपा आणि वर दीड मीटर. जिथे टेप जात नाही तिथे फोनच्या नकाशावर अंतर मोजायची सोय आहे, तीत कुंपणाच्या कोपऱ्यावर एक टोक आणि दुकानावर दुसरं टोक ठेवलं की आकडा येतो. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

हे काम मी सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला करवून घेते. वर्तुळ, त्रिज्या, प्रमाण, सगळं एका कागदावर येतं. मुलं शाळा मध्ये काढतात, चारही बाजूंनी रेषा ओढतात, आत येणारी दुकानं दाखवतात. मात्र दुकानावर जाऊन चौकशी करायचं काम मुलांना देऊ नका. कुणाकडे काय मिळतं हे मुलांना आधीच माहीत असतं, पण त्यांना साक्षीदार बनवलं तर संध्याकाळी ठेलेवाला त्यांनाच रस्त्यात अडवतो. दुकानांची पाहणी मोठ्यांनी करायची.

नकाशा झाला की हद्द रस्त्यावर आणि भिंतीवर पिवळ्या रंगाने आखा आणि "येथून पुढे तंबाखूमुक्त क्षेत्र" असं लिहा. केंद्राच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्था मार्गदर्शक सूचनांमध्ये नऊ निकष आहेत, त्यात ही हद्द आखणं हा एक निकष आहे. रस्ता ग्रामपंचायतीचा असेल तर सरपंचांना आधी सांगून करा. एका दुपारचं काम आहे, पण रेषा पडली की वाद बंद होतो. मग "माझं दुकान हद्दीत नाही" असं कुणी उगाच म्हणत नाही.

फलक लावायची जबाबदारी आपली

शाळेबाहेर ठळक जागी एक फलक असला पाहिजे : या शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या परिसरात सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास सक्त मनाई असून तो २०० रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. हा फलक लावायची जबाबदारी नियमाने संस्थेच्या प्रमुखावर टाकलेली आहे. आपलाच फलक नसेल तर ठाणेदार पहिला प्रश्न तोच विचारतील.

दुसरा फलक आवाराच्या आत, तंबाखूमुक्त परिसराचा. त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव, पद आणि फोन हवा. मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा व्यक्तीला तंबाखू नियंत्रक म्हणून नेमायला सांगितलं आहे. ज्याला गाव ऐकतं आणि जो स्वतः तंबाखू खात नाही, असा शिक्षक निवडा.

पत्र्याचे फलक शाळेच्या अनुदानातून होतात. फ्लेक्स लावू नका, एका पावसाळ्यात फाटतो आणि मग तोच कुणाच्या तरी गोठ्यावर दिसतो. सरळ भिंतीवर रंगवून घेतलं तर अनेक वर्षं टिकतं.

चित्रांबद्दल एक सांगते. शहरातून येणाऱ्या बहुतेक पोस्टरांवर सिगारेट असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. आमच्या पोरांच्या खिशात सिगारेट नसते, खर्ऱ्याची पन्नी असते. सिगारेटवर फुली मारलेलं चित्र बघून ती म्हणतात, "आमी थोडी पेतो!" म्हणून भिंतीवर खर्रा काढा, तंबाखूची पुडी काढा, गुडाखूची डबी काढा. ज्या घरात आजी गुडाखूने दात घासते त्या घरातल्या मुलाला तीही तंबाखूच आहे, हे कुणीतरी सांगावंच लागतं.

स्टाफरूममधून सुरुवात

हे लिहिताना मला संकोच नाही. ज्या शाळेत गुरुजींच्या टेबलाच्या खणात पन्नी आहे, तिथे बाहेरच्या ठेल्यावर बोलायचा अधिकार कुणालाच राहत नाही. सत्र सुरू होताच शिक्षकांची सभा घ्या, शाळेच्या आचारसंहितेत "आवारात कोणीही तंबाखूजन्य पदार्थ आणणार नाही, खाणार नाही" हे वाक्य लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. स्वयंपाकी ताई, पाणी भरणारे काका, बांधकामावरचे मजूर, केंद्रप्रमुख, भेटीला आलेले पदाधिकारी, सगळ्यांना नियम एकच.

खाणाऱ्या सहकाऱ्याला सभेत नाव घेऊन बोलू नका. एकटं गाठून सांगा, सोडायला मदत कुठे मिळते तेही सांगा. राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन फुकट लागतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं. माझ्या ओळखीतल्या एका गुरुजींनी सेवानिवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना खर्रा सोडला, आणि त्यानंतर गावातल्या तरुणांशी तेच सगळ्यात चांगलं बोलतात.

आवारात कुणी बिडी-सिगारेट ओढताना सापडला तर कोटपाच्या कलम ४ खाली २०० रुपयांपर्यंत दंड आहे. निवडणुकीच्या वेळी, लसीकरणाच्या दिवशी, सभांच्या वेळी बाहेरची माणसं येतात, तेव्हा फाटकावर एक शिक्षक उभा ठेवला तरी पुरतं.

पिचकाऱ्यांचे कोपरे एकदा घासून, रंगवून घ्या. त्यानंतर रोज सकाळी परिपाठाआधी कुणीतरी मोठ्या माणसाने आवारात एक फेरी मारायची. पन्नी, पुडी, थोटूक जे दिसेल ते उचलायचं आणि कुठे सापडलं ते वहीत टिपायचं. महिनाभरात त्या वहीतूनच कळतं की मुलं कुठे बसतात. आमच्याकडे ती जागा संडासाच्या मागची निघाली. तिथली झुडपं तोडली, भिंतीला दिवा लावला.

ठेल्यावर जाताना

एकट्या मुख्याध्यापकाने जाऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आधी समितीची सभा घ्या, नकाशा मांडा, ठराव लिहा. मग समितीचे अध्यक्ष, दोन-तीन आया, पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष असे मिळून जा. बचत गटाच्या बाया सोबत आल्या तर फार बरं, त्यांचं बोलणं कुणाला टाळता येत नाही.

दुपारी जा, गर्दीच्या वेळी नको. दुकानदाराला चार माणसांत खाली बघायला लावलं तर तो अडून बसतो. बोलणं साधं ठेवा : "भाऊ, हा नकाशा. तुमचं दुकान इथं येतं. इतक्या जागेत तंबाखू विकता येत नाही, हा कायदा आहे. खर्रा तर कुठंच विकता येत नाही. तुमची पोरगी आमच्याच वर्गात आहे." मग कलमांचा कागद वाचून द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांची मुदत द्या. त्याने विचारलं, "मग मी खाऊ काय?" तर या प्रश्नाला उत्तर घेऊनच गेलं पाहिजे. आमच्या समितीतल्या पालकांनी सांगितलं की वह्या, पेन्सिली, रबर, खाऊ यासाठी तालुक्याला जावं लागतं, ते तू ठेव, आम्ही तुझ्याकडून घेऊ. त्याने ठेवलं. दुसऱ्या एकाने ठेला हद्दीबाहेर नेला. तो तिथे साधी तंबाखू विकतो, आणि तिथे आता वेगळा नियम बघायचा : १८ वर्षांखालच्याला विकायची नाही.

हद्दीबाहेरच्या दुकानदाराला तीन गोष्टी सांगा. त्याच्या दुकानावर "१८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे" असा फलक हवा. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याचीच आहे, शंका आली तर त्याने वयाचा पुरावा मागायचा. आणि गल्ल्यावर स्वतःचं अल्पवयीन पोरगं बसवून तंबाखू विकायला लावायची नाही. ही तिसरी गोष्ट ऐकून पुष्कळ जण दचकतात, कारण दुपारी जेवायला जाताना बाप गल्ला पोराकडेच सोपवतो. शिवाय महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी आहे. पोरांच्या खिशाला एक कांडी परवडते, पाकीट परवडत नाही, म्हणून हा नियम मुलांसाठी फार कामाचा आहे.

"बाबानं आनाले धाडलं"

या विषयात मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. पोरगं ठेल्यावर उभं असतं, विचारलं तर म्हणतं, "बाबानं आनाले धाडलं." आणि ते खरं असतं. बाप खाटेवर बसून दहाची नोट देतो, आजोबा देतात, मामा देतो. पोराला वास, पन्नी, घोटायची पद्धत सगळं ओळखीचं होतं, आणि एक दिवस वाटेत चिमूटभर तोंडात जाते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरणारी निघाली. मला त्याहून जास्त हादरवलं ते दुसऱ्या आकड्याने : धूरविरहित तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी ती वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत सुरू केली होती. म्हणजे चौथीच्या आत. आपण व्यसनमुक्तीचं भाषण ठेवतो आठवीसाठी.

दुकानदाराच्या दृष्टीने उत्तर सोपं आहे. मूल कुणासाठी नेतं याला कायद्यात जागा नाही, १८ खालच्या हातात माल द्यायचाच नाही. पालकांच्या बाबतीत मी कायद्याची भाषा वापरत नाही. पालकसभेत एकच मागणी करते : "तुम्ही खाता तो तुमचा प्रश्न, पण आणायला स्वतः जा." सोडा म्हटलं की माणसं उठून जातात. स्वतः जा म्हटलं की मान्य करतात, कारण यात त्यांचं काही जात नाही. आया तर लगेच बाजू घेतात. ग्रामसभेत आम्ही हाच ठराव घेतला आणि तो भिंतीवर रंगवला : "आमच्या गावात लहान मुलांना तंबाखू, बिडी, खर्रा आणायला पाठवले जाणार नाही, आणि कोणताही दुकानदार त्यांना देणार नाही." जानेवारी, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभा ठरलेल्या असतात. विषयपत्रिकेत विषय घालायला ग्रामसेवकांना आधी लेखी द्या, ऐनवेळी उठून बोललात तर नोंद होत नाही.

ऋतूंकडेही लक्ष ठेवा. रोवण्याच्या दिवसांत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात मुलं मोठ्यांसोबत शिवारात जातात. बांधावर बसून खर्रा फिरतो, एक चिमूट पोरालाही मिळते, "थकवा जातो" म्हणून. या दोन हंगामांच्या आधी पालकसभा घेतली तर बोलणं लागू पडतं. आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची गावची जत्रा. मंडईच्या रात्री नाटक होतं, बऱ्याच गावांत मंडप शाळेच्याच पटांगणात पडतो आणि कडेने पानठेल्यांची रांग लागते. शंभर यार्डांचा नियम शाळा भरली असतानाच लागू होतो असं कुठेही लिहिलेलं नाही. पटांगणाची परवानगी देतानाच मंडळाकडून लिहून घ्या की आवारात आणि हद्दीत तंबाखूचा ठेला लागणार नाही. नाटकाला माझा विरोध नाही, मी स्वतः रात्रभर बसून बघते. पण सकाळी पहिलीच्या वर्गासमोर पन्न्यांचा खच असतो, तो का असावा?

तक्रार लिहायची वेळ आली तर

मुदत संपली आणि विक्री चालूच आहे, तर लेखी तक्रार करा. साध्या तंबाखू-बिडीसाठी पोलीस ठाणे, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतल्या जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना. खर्रा-गुटखा असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला. मजकूर लहान ठेवा :

"विषय : शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीबाबत. महोदय, आमच्या शाळेच्या ____ बाजूच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सरळ रेषेत ____ मीटर अंतरावर, ____ या ठिकाणी बिडी, सिगारेट व तंबाखूची विक्री होते. हे कोटपा कायदा २००३ च्या कलम ६(ब) चे उल्लंघन आहे. शाळा व्यवस्थापन समितीने दि. ____ रोजी विक्रेत्यास समक्ष व लेखी कळवले असून पोच सोबत जोडली आहे. मोजणीचा नकाशा, फोटो व समितीचा ठराव सोबत आहे. कार्यवाही करून शाळेस कळवावे, ही विनंती."

सही मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्ष अशा दोघांची. जावक क्रमांक टाका, पोच घ्या. कोणत्याही मुलाचं नाव किंवा फोटो तक्रारीत येता कामा नये. फोटो दुकानाचा आणि मालाचा काढा, रस्त्यावरून, मुलं नसताना.

उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, मग तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज, मग जिल्हाधिकाऱ्यांकडच्या लोकशाही दिनात, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, हे अर्जात आवर्जून लिहा. गडचिरोली जिल्ह्यात असाल तर २०१६ पासून चालू असलेल्या मुक्तिपथ अभियानाची माणसं तालुक्यात भेटतात, त्यांना बोलवा, त्यांनी असे कितीतरी ठेले बघितलेले आहेत.

मूल सापडलं तर

वरच्या विक्रीच्या आणि मुलांना तंबाखू देण्याच्या कलमांत शिक्षा विकणाऱ्याला आणि देणाऱ्याला आहे. खाणाऱ्या मुलाला नाही. हे शिक्षकांनी मनात पक्कं करून घ्यावं, कारण आपला पहिला हात पोराच्या पाठीवर जातो. शिक्षणहक्क कायद्याने मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही मना आहेत, आणि प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दाखला देण्याची धमकी तर मुळीच देऊ नका. शाळा कायमची सुटली की पोरगं दिवसभर ठेल्यावरच बसतं.

वर्गासमोर दप्तर तपासू नका. मधल्या सुट्टीनंतर एकट्याला बोलवा, बसायला सांगा. काय खातो, कधीपासून, कुणासोबत, कुठून मिळतं, आणि सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली चिमूट लागते, एवढं विचारा. उठल्या उठल्या लागत असेल तर सवय खोल गेली आहे, डॉक्टरांकडे न्यावंच लागेल. अधूनमधून मित्रांसोबत असेल तर शाळेत आणि घरी बोलून सुटतं.

मग तोंड बघा. मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं, एकावर एक उभी, दातांमध्ये जातात का ते त्यालाच बघायला सांगा. जात नसतील, गालाच्या आतली कातडी पांढुरकी किंवा ताठ दिसत असेल, साधी भाजीही तिखट लागून तोंडाची आग होत असेल, तर थांबू नका. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडणं कमी कमी होतं, पुढे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. खर्ऱ्यात सुपारीच जास्त असते. "मी तंबाखू नाही खात, मिठी सुपारी खातो" म्हणणाऱ्या मुलाचंही तोंड तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्या डॉक्टरांना अशा मुलांची यादी स्वतंत्रपणे द्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागाची चिठ्ठी तिथेच लिहून घ्या. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतात, तिथल्या समुपदेशक ताई पोरांशी चांगलं बोलतात. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम दुकानातून आणून मुलाला देऊ नका, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सोडायचा दिवस मुलाला ठरवू द्या. पहिले काही दिवस चिडचिड होते, लक्ष लागत नाही. त्या आठवड्यात त्याला फळ्यावर उभं करू नका, खेळाचं साहित्य वाटायचं काम द्या, हात आणि तोंड गुंतलेलं राहू द्या. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात पाणी प्यावं, बडीशेप किंवा भाजलेली जवस चघळावी. ज्या वाटेने ठेला लागतो ती वाट काही दिवस बदलायला सांगा, एखादा मित्र सोबत द्या. पुन्हा खाल्लं तर पुन्हा दिवस ठरवा. घरी सांगताना आईला आधी सांगा. बाप रागावून मारेल अशी भीती असेल तर पोलीस पाटलांसमोर किंवा समिती अध्यक्षांसमोर बोलणं करा. कुणी मोठा माणूस मुलांना मुद्दाम खर्रा देऊन कामाला लावत असेल, तर १०९८ वर फोन करा.

वर्षभर टिकवायचं कसं

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आपल्या उन्हाळी सुट्टीत येतो. त्या दिवशी फोटो काढून पाठवायचा आग्रह होतो, पण मुलं नसतात. मार्गदर्शक सूचना सहा महिन्यांत निदान एक उपक्रम मागतात. तो जूनअखेर शाळा उघडल्यावर आणि मंडईच्या आधी असा ठेवला तर उपयोगाचा होतो. शपथेपेक्षा मला हिशेब आवडतो : पाचवीची मुलं आपल्या घरातल्या एका माणसाचा खर्ऱ्याचा रोजचा खर्च विचारून वर्षाचा गुणाकार करतात आणि त्यात सायकल येते का, शेळी येते का ते मांडतात. नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. तो कागद घरी जातो आणि पुष्कळ बाप तो दोनदा वाचतात.

नऊ निकषांचं गुणपत्रक दर सत्राला समितीसमोर भरा. आमची बदली कधी होईल सांगता येत नाही, म्हणून नकाशा, मोजणीची वही, ठराव, पत्रांच्या पोचा, ठेल्यांची यादी हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि कार्यभार देताना चार्ज यादीत त्या फाईलचं नाव लिहा. नवीन येणाऱ्या सरांना किंवा मॅडमना पहिल्याच आठवड्यात समिती अध्यक्षांनी ती फाईल घेऊन हद्दीची एक फेरी दाखवावी, आणि पिवळी रेषा पुसट झाली असेल तर त्याच दिवशी रंगाचा डबा मागवावा.